प्रौढांच्या सर्वसमावेशक वर्गासाठी साहित्य कसे निवडावे आणि कसे बदलावे

प्रौढांच्या वर्गात साहित्याचा क्रम बहुधा उलटा लागतो. आधी एखादी तयार पुस्तिका हाती येते, तिच्या प्रती निघतात, वर्ग सुरू होतो. मग लक्षात येते की एकाला अक्षर दिसत नाही, एकीला बोललेले ऐकू येत नाही आणि तिसऱ्याला वाक्याचा अर्थच लागत नाही. घाईघाईने अक्षर मोठे केले जाते, अवघड परिच्छेद गाळले जातात. गाळलेल्या भागातच बहुतेकदा त्या माणसाला हवे असलेले असते.

म्हणून क्रम असा ठेवा: माणूस, उद्दिष्ट, निवड, परवानगी, मूळ प्रतीची दुरुस्ती, पर्यायी रूपे, चाचणी, वाटप. एकच पाठ उदाहरणासाठी शेवटपर्यंत धरला आहे: औषधाच्या पाकिटावरची सूचना समजून घेऊन औषध बरोबर घेणे.

टप्पा १: कोण शिकणार आहे, ते साहित्य शोधण्याआधी नोंदवा

आजाराचे किंवा अपंगत्वाचे नाव विचारू नका. त्या नावावरून साहित्य कसे हवे ते कळत नाही. काय करता येते आणि काय जड जाते, ते विचारा. प्रश्न तोंडी विचारा आणि एकेकट्याला विचारा. छापील फॉर्म दिला तर ज्याला वाचता येत नाही तोच पहिल्याच दिवशी अडतो, आणि चारचौघांत विचारले तर खरे उत्तर येत नाही.

विचारण्यासारखे:

- एकच वाक्य १२, १६ आणि २० पॉइंटमध्ये (पॉइंट म्हणजे छापील अक्षराच्या आकाराचे माप) छापलेला कागद हातात द्या. कोणते वाक्य सहज वाचता येते?
- मागून कोणी बोलले तर ऐकू येते का? समोरच्याचे ओठ दिसले तर सोपे जाते का?
- पेन धरून किती वेळ लिहिता येते?
- फोनवर निरोप लिहून पाठवता की बोलून?
- घरी कोणती भाषा बोलता? आकडे कोणत्या भाषेत मोजता?
- इथे शिकलेले कुठे वापरायचे आहे?

चष्म्याचा प्रश्न वेगळा विचारा. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसणे जवळजवळ सर्वांनाच सुरू होते. ज्याला शाळेनंतर वाचायची वेळच आली नाही, त्याला ते कळलेलेही नसते. अशा माणसाला शिक्षक 'वाचता येत नाही' या गटात बसवतात आणि महिनोन्‌महिने मुळाक्षरे गिरवायला लावतात.

तपासा: ३६ पॉइंटचे अक्षर ओळखता येते आणि तेच अक्षर १२ पॉइंटमध्ये येत नाही, तर अडचण बहुधा डोळ्यांची आहे. आधी डोळे तपासून घ्यायला सांगा.

सावध: दोन समजुती फार नुकसान करतात. अंध म्हणजे ब्रेल वाचणारा, हे गृहीत धरू नका. ज्यांची दृष्टी मोठ्या वयात गेली, त्यांच्यापैकी अनेकांनी ब्रेल कधी शिकलेले नसते. त्यांना ध्वनिमुद्रण लागते. आणि बहिरा माणूस लिहिलेले वाचेलच, हेही गृहीत धरू नका. सांकेतिक भाषेचे व्याकरण बोलल्या जाणाऱ्या भाषेपेक्षा वेगळे असते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यासाठी लिखित मराठी ही अनेकदा दुसरी भाषा असते.

शेवटी एक गरजयादी करा. तिच्यात नावे नकोत, संख्या हव्यात: 'दोघांना १८ पॉइंट, एकाला ध्वनिमुद्रण, तिघींना छोटी वाक्ये, एकाला लिहिण्याऐवजी खूण करण्याची सोय.' ही यादी साहित्य निवडणाऱ्याच्या टेबलावर असावी, भिंतीवर नव्हे.

टप्पा २: उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

आपल्या पाठाचे उद्दिष्ट: पाकीट हाती आल्यावर औषध केव्हा, किती आणि किती दिवस घ्यायचे ते सांगता येणे, आणि मुदत संपली आहे का ते ओळखता येणे.

आता कागदावर दोन रकाने करा. डावीकडे उद्दिष्टातच असलेली अडचण, उजवीकडे साहित्याने उगाच आणलेली अडचण. 'मुदत' हा शब्द डावीकडे जाईल, कारण औषध घेताना तो भेटणारच आहे. महिना आणि वर्ष आकड्यांत लिहिण्याची पद्धतही डावीकडे. बारीक छपाई, फळ्यावरून उतरवून घेणे, सर्वांसमोर मोठ्याने वाचणे, लांबलचक प्रस्तावना हे सगळे उजवीकडे.

उजवीकडचे काढून टाका. डावीकडचे शिकवा, सोपे करण्याच्या नादात पुसू नका. 'मुदत' हा शब्द जड म्हणून काढला, तर शिकणारा वर्गात पास होतो आणि औषधाच्या दुकानात नापास. सर्वसमावेशक म्हणून केलेल्या साहित्यात सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो, कारण अवघड शब्द काढणे हेच काम आहे असे वाटत राहते.

न दिसणाऱ्यासाठीही उद्दिष्ट तेच राहते, वाट बदलते. पाकीट घेतानाच दुकानदाराकडून मात्रा आणि मुदत वाचून घेणे, ती फोनमध्ये स्वतःच्या आवाजात नोंदवणे, सकाळच्या डबीला एक रबरबँड आणि रात्रीच्या डबीला दोन लावणे. पाठात हे सर्वांनाच शिकवा. अंधारात औषध शोधायची वेळ दिसणाऱ्यांवरही येते.

टप्पा ३: चाळून निवडा

प्रत्येक साहित्याला आधी दहा मिनिटे द्या. या दहा मिनिटांत काय चांगले आहे ते शोधू नका, काय दुरुस्त होणार नाही ते शोधा.

दुरुस्त होत नाही ते: चुकीची किंवा जुनी माहिती, शिकणाऱ्याला अडाणी समजून उपदेश करणारा सूर, लहान मुलांसाठी काढलेली चित्रे, बदल करायला मनाई. असे साहित्य बाजूला ठेवा, फुकट मिळाले असले तरी. अक्षराचा आकार, क्रम, वाक्यरचना आणि मोकळी जागा मात्र दुरुस्त होते. त्यामुळे दिसायला गचाळ पण माहिती पक्की असलेली पुस्तिका ही चकचकीत पण पोकळ पुस्तिकेपेक्षा चांगली निवड आहे.

बालवर्गाची पुस्तके प्रौढांना देऊ नका. ससा, फुगा, बाहुली हे शब्द सोपे आहेत हे खरे, पण तीस वर्षे घर चालवलेल्या माणसाला ते हातात घेताना संकोच वाटतो. तितकीच सोपी अक्षरे असलेले मोठ्यांच्या आयुष्यातले शब्द भरपूर सापडतात: घर, काम, पगार, बस, दवा.

चित्रांकडे जास्त वेळ द्या. चित्र सर्वांना आपोआप कळते हा समज चुकीचा आहे, कारण चित्र वाचणे हेही शिकावे लागते. बाण म्हणजे 'यानंतर हे', चंद्र म्हणजे 'रात्री', आडवीतिडवी फुली म्हणजे 'करू नका', डोक्यावरचा ढग म्हणजे 'मनातला विचार', या सगळ्या ठरवून घेतलेल्या खुणा आहेत. पोट कापून आतली गोळी दाखवणारे चित्र पाहून कोणाला शस्त्रक्रिया आठवेल. डास हातभर मोठा काढला, तर 'असा डास आमच्याकडे नाही' असे उत्तर येऊ शकते.

चित्रमालिकेतला क्रम हा आणखी एक सापळा आहे. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीत शिकलेला माणूस चित्रेही तशीच वाचू शकतो. 'आजारी, औषध, बरा' ही तीन चित्रे उलटी वाचली, तर औषधाने माणूस आजारी पडल्याची गोष्ट तयार होते. चित्रांना ठळक क्रमांक द्या, किंवा ती एकाखाली एक लावा.

तपासा: चित्र दाखवा आणि फक्त 'इथे काय चालले आहे?' एवढेच विचारा. सूचक प्रश्न नको. तिघांपैकी दोघांनी वेगळे सांगितले, तर चित्र बदला.

चित्रांत कोण दिसते तेही पाहा. डॉक्टर नेहमी पुरुष, औषध विसरणारी नेहमी बाई आणि व्हीलचेअरवरचा माणूस फक्त मदत घेताना, अशी मांडणी असेल तर ती बदला.

टप्पा ४: बदलायची परवानगी आहे का ते पाहा

साहित्य फुकट मिळाले म्हणजे ते बदलायची मोकळीक मिळाली असे नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (साहित्य कोणत्या अटींवर वापरता येते हे सांगणारा खुला परवाना) असेल तर त्यातली अक्षरे वाचा. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या. 'एसए' म्हणजे बदललेली प्रत त्याच परवान्याने खुली करा. 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको. 'एनडी' असेल तर बदललेली प्रत इतरांना वाटता येत नाही, आणि भाषांतरही बदलात धरले जाते. बदललेल्या प्रतीवर मूळ शीर्षक, कर्ता, ते कुठून घेतले, परवाना आणि 'काय बदलले' एवढे लिहा. परवान्याचा उल्लेखच नसेल तर लेखी परवानगी मागा.

अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी सुलभ प्रती करण्याची सवलत देणारा मराकेश करार २०१३ सालचा आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला, तिथे त्यांच्या कायद्यातल्या अटी पाहून ही सवलत वापरता येते.

टप्पा ५: मूळ प्रत दुरुस्त करा

खास प्रती करायला लगेच बसू नका. सर्वांना मिळणारी मूळ प्रत चांगली झाली की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात, आणि वेगळा कागद घेऊन बसायची वेळ थोड्यांवरच येते. काम भाषा, मांडणी, चित्रे, छपाई याच क्रमाने करा. मांडणी आधी केली आणि मग वाक्ये तोडली, तर पाने पुन्हा लावावी लागतात.

*भाषा.* एका वाक्यात एकच गोष्ट. दहा-बारा शब्दांच्या पुढे वाक्य गेले की ते तोडा. 'करण्यात यावे' काढा, 'करा' लिहा.

मूळ: 'सदर औषधाचे सेवन वैद्यकीय सल्ल्यानुसार विहित कालावधीपर्यंत करण्यात यावे व लक्षणे कमी झाल्यासही ते मध्येच खंडित करण्यात येऊ नये.'

बदल: 'डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्या. बरे वाटले तरी मध्येच थांबवू नका.'

माहिती तीच आहे. 'विहित' आणि 'सदर' गेले, कारण ते पाकिटावर भेटणारे शब्द नाहीत. एका गोष्टीला पाठभर एकच शब्द ठेवा. पहिल्या ओळीत 'मात्रा', तिसऱ्या ओळीत 'डोस' असे लिहिले, तर नवशिका वाचक त्या दोन गोष्टी समजतो. दोन्ही शब्द बाहेर भेटणार असतील, तर 'मात्रा आणि डोस एकच' हे एकदा स्पष्ट सांगा आणि पुढे एकच वापरा. आकडे आकड्यांतच लिहा. देवनागरी आणि इंग्रजी पद्धतीचे आकडे, ज्याची गरज आहे ते किंवा दोन्ही, शिकवण्याच्या यादीत घ्या, कारण औषधांवर आणि फोनवर बहुधा इंग्रजी पद्धतीचे आकडे असतात.

सावध: आरोग्य, कायदा, पैसे यांचा मजकूर सोपा केल्यावर तो विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्या. 'जेवणानंतर' ऐवजी चुकून 'जेवताना' पडले, तरी औषध घेण्याची पद्धत बदलते.

*मांडणी.* नेहमीच्या प्रतीला १४ पॉइंट, मोठ्या अक्षराच्या प्रतीला १८ किंवा जास्त. ओळींतले अंतर दीडपट. देवनागरीत हे अंतर कमी पडले, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. मजकूर डावीकडे सरळ ठेवा, उजवी कड मोकळी सोडा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये विचित्र पोकळ्या पडतात. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नका.

इंग्रजी मजकुरासाठीचे सगळे सल्ले देवनागरीला लागू होत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवायला सांगितले जाते, पण तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा दिसतो. त्याऐवजी शब्दांमधले अंतर थोडे वाढवा. तिरपी अक्षरे नकोत. अधोरेखनही टाळा, कारण रेघ खालच्या मात्रांवरून जाते आणि 'कु' की 'कू' ते ओळखू येत नाही. भर द्यायचा असेल तर ठळक अक्षर पुरे.

रंगाने एकट्याने अर्थ सांगू नका. 'लाल गोळी सकाळी, हिरवी रात्री' ही सूचना लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सला दोघांनाही निरुपयोगी आहे. रंगाबरोबर आकार किंवा शब्द द्या. पडद्यावरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५:१ हा सर्वत्र वापरला जाणारा निकष आहे. मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. चित्रावर मजकूर छापू नका.

प्रौढांची हजेरी सलग नसते. त्यामुळे प्रत्येक पान स्वतंत्रपणे समजेल असे करा. 'मागच्या पाठात पाहिल्याप्रमाणे' हे वाक्य गैरहजर राहिलेल्याला दाराबाहेर ठेवते.

*छपाई.* चकाकी नसलेला कागद घ्या, कारण दिव्याखाली चकाकी अक्षर गिळते. पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी छापले, तर मागची अक्षरे पुढे दिसतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढू नका, प्रत्येक वेळी मूळ फाइलमधून छापा. ए४ चे पान ए३ वर मोठे केले तर ते १४१ टक्के होते, म्हणजे १२ पॉइंटचे साधारण १७. आकडा बरा दिसतो, पण तेवढा कागद मांडीवर मावत नाही आणि भिंग फिरवताना ओळ हरवते. अक्षर मोठे करून पान नव्याने लावणे हाच खरा उपाय आहे.

टप्पा ६: गरजयादीप्रमाणे पर्यायी रूपे करा

सगळी रूपे करू नका. पहिल्या टप्प्यातल्या यादीत जी आहेत तीच करा.

*ध्वनिमुद्रण.* एका मुद्द्याला एक फाइल, दोन-तीन मिनिटांची. नाव '०१ औषध केव्हा घ्यावे' असे, 'रेकॉर्डिंग नवीन शेवटचे' असे नव्हे. सुरुवातीला शीर्षक आणि पान क्रमांक बोला. आकडे दोनदा म्हणा. चित्रात जे महत्त्वाचे आहे ते शब्दांत सांगा. 'इथे दाखवल्याप्रमाणे' असे कुठेही राहू देऊ नका.

*स्क्रीन रीडरसाठी मजकूर.* स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. मराठीत इथे हमखास फसगत होते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकासाठी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसते चित्रच असते.

तपासा: फाइलमधल्या दोन ओळी कॉपी करून फोनमधल्या साध्या संदेशात चिकटवा. मराठी जशीच्या तशी आली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षरे ओळखता येतील अशा पद्धतीत, आहे. गिचमिड आली किंवा ओळ निवडताच आली नाही, तर पुन्हा टाइप करावे लागेल. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही कधी कधी मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून सोबत वर्डची फाइल द्या. शीर्षके नुसती ठळक करू नका, शीर्षकाची शैली लावा, म्हणजे ऐकणाऱ्याला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाता येते.

*ऐकू न येणाऱ्यांसाठी.* व्हिडिओवर एका वेळी दोनच ओळींचे उपशीर्षक (बोललेले शब्द लिहून दाखवणारा पडद्यावरचा मजकूर) ठेवा. आपोआप तयार झालेली उपशीर्षके तपासल्याशिवाय वापरू नका, त्यांत नावे आणि आकडे चुकतात. सांकेतिक भाषेत चित्रण करत असाल तर पार्श्वभूमी साधी, उजेड समोरून, आणि डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग हातांसह चौकटीत. दुभाषी असेल तर पाठ त्याला आदल्या दिवशी द्या. कमी ऐकू येणाऱ्यासाठी एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे सारखेच वाटतात, म्हणून बोललेला प्रत्येक आकडा लिहूनही दाखवा.

*स्पर्शाने समजायची आकृती.* छापील आकृती जशीच्या तशी उठावात आणू नका. बोटाला एका वेळी थोडेच कळते. एका कागदावर एकच कल्पना ठेवा, आणि दोन उठावांमध्ये बोट फिरेल इतकी जागा सोडा.

*हाताची अडचण असणाऱ्यांसाठी.* रिकाम्या जागा भरण्याऐवजी खूण करायची चौकट, तीही मोठी. कागद क्लिपने फळीला लावलेला, पेन जाड. कार्डे पातळ कागदाची नकोत, पुठ्ठ्यावर चिकटवा, म्हणजे ती टेबलावरून उचलता येतात.

*सावकाश शिकणाऱ्यांसाठी.* इथे पाठ छोटा केला जातो, आणि तीच चूक असते. पायऱ्या वाढवा. 'दिवसातून तीनदा, पाच दिवस' ही एक सूचना चार कार्डांवर जाईल: सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक, आणि पाच चौकटींचे एक कार्ड, ज्यात रोज एक खूण करायची. चित्रे मोठ्या माणसांचीच ठेवा.

टप्पा ७: छापण्याआधी चाचणी घ्या

तीन ते पाच जण पुरतात, पण ते वर्गासारखेच असायला हवेत. सहकारी शिक्षकांवर घेतलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही, कारण त्यांना पाठ आधीच येतो.

'समजले का?' असे विचारू नका. मोठी माणसे समोरच्याचा मान राखण्यासाठी 'हो' म्हणतात. पाकीट हातात द्या आणि करायला सांगा: 'रात्रीचे औषध कोणते? एका वेळी एक गोळी, दिवसातून तीनदा, पाच दिवस घ्यायची आहे. किती गोळ्या लागतील? हे पाकीट आज वापरता येईल का?' पहिल्या हिशेबाचे उत्तर १५. कोणी ३ सांगितले तर त्याने दिवस धरले नाहीत. ५ सांगितले तर 'तीनदा' सुटले. चूक कोणत्या वाक्यावर झाली ते लिहून घ्या आणि वाक्य बदला. दोघे एकाच जागी अडले, तर दोष साहित्याचा समजा.

पर्यायी रूपांची चाचणी ती वापरणाऱ्याकडूनच घ्या. डोळे मिटून ऐकलेले ध्वनिमुद्रण सोपे वाटते, कारण ऐकणाऱ्याला पान आठवत असते.

तपासा: बदललेला पाठ आणि टप्पा २ मधले वाक्य शेजारी ठेवा. केव्हा, किती, किती दिवस आणि मुदत, या चारही गोष्टी प्रत्येक रूपात आहेत का? एखाद्या रूपातून एक जरी गळली असेल, तर ते रूप छपाईला देऊ नका.

टप्पा ८: वाटप आणि जपणूक

सगळी रूपे वर्गात एकाच वेळी, एकाच टेबलावर ठेवा आणि ज्याला जे हवे ते घेऊ द्या. मोठ्या अक्षराची प्रत नाव पुकारून दिली, तर ती पिशवीतच राहते. दोन-तीन प्रती जास्त छापा. चष्मा घरी विसरलेले त्या घेतात. पानांचे क्रमांक वेगळे पडत असतील, तर मोठ्या प्रतीत मूळ पानाचा क्रमांकही कोपऱ्यात द्या, नाहीतर 'पान सात काढा' म्हटल्यावर अर्धा वर्ग शोधत बसतो.

बदल करता येईल अशी मूळ फाइल, ध्वनिफिती, परवान्याची नोंद आणि चाचणीतल्या चुकांचा कागद एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात तारीख घाला. मूळ पाठात एक आकडा बदलला, तर त्याच दिवशी ध्वनिमुद्रण, मोठ्या अक्षराची प्रत आणि कार्डे या सगळ्यांत तो बदला, आणि जुन्या प्रती परत गोळा करा.

नवा गट आला की पाठ तोच असला तरी टप्पा १ मधले प्रश्न नव्याने विचारा. जुन्या गटातल्यांनाही सहा महिन्यांनी पुन्हा विचारा, कारण नजर आणि ऐकू येणे या काळातही बदलू शकते.